समोरच्या घराची रेघ

७ जानेवारी

सुतार येऊन हनुवटी टेकायची घोडी बसवून गेला. घोडी टेबलाला ठोकली, टेबल जमिनीला. ही म्हणाली, "आता तुम्हालाही ठोकून घ्या, म्हणजे जेवायला हाका मारायला नकोत."

खूळ सगळं भाचीचं. बहिणीची ही लेक आमच्याकडेच राहते. दिवसभर कंप्युटरवर साबणाची खोकी न् बँकांची पत्रकं मांडते आणि संध्याकाळी हातपाय धुऊन पुन्हा कंप्युटरवरच बसते – तेव्हा मात्र स्वतःच्या कामाला. कुणी न मागितलेली पोस्टरं करते. 'हरवला आहे – डाव्या पायाचा मोजा.' 'सापडली आहे – कुणाची तरी झोप. ओळख पटवून घेऊन जावी.' जिन्यात लावते. खालचा शिंपी ग्राहकांना थांबवून वाचायला लावतो.

"मामा, आमच्या धंद्यात प्रत्येकाचं असं एक काम असतं. ग्राहक नाही, 'जरा नाव मोठं करा' नाही. तुम्ही उभा जन्म शाळांसाठी तक्ते काढलेत. आता एक स्वतःसाठी काढा."

म्हटलं, "मला शाळेत कुणी चित्रकला शिकवली नाही. प्रेसमध्ये शाई ढवळता ढवळता शिकलो. माझं कसलं स्वतःचं काम?"

"म्हणून तर," म्हणाली.

तर ठरलं ते असं. खिडकीच्या काचेवर पारदर्शक फिल्म लावायची. हनुवटी घोडीवर, एक डोळा मिटलेला. समोरचं घर जसं दिसेल तसं काचेवरच गिरवायचं. रोज सकाळी, रोज नवी फिल्म. शेवटी साऱ्या फिल्मा एकावर एक ठेवून उजेडासमोर टांगायच्या. पडदे, वाळत घातलेले कपडे, कबुतरं, माणसं – हे सगळं रोज बदलणार, त्यामुळे धुकं होणार. घर तेवढं एका रेघेत उभं राहणार. काळंभोर, ठाम.

कल्पना माझी बरं का. भाची ऐकून गप्पच झाली. ती गप्प झाली म्हणजे आवडलं.

८ जानेवारी

पहिली फिल्म. हावरटासारखं दिसेल ते सगळं काढलं. समोरचं घर, त्यामागची पाण्याची टाकी, त्याहीमागचं बंद गिरणीचं धुराडं, तारांचा खांब. जत्रा झाली नुसती. नजर कुठे ठरेना.

बाद. तक्त्यात ससा असतो, ससा बसलाय ते गवत नसतं. हे मी लोकांना शिकवत आलो आणि स्वतःच विसरलो.

उद्यापासून फक्त घर. मागे कोरं.

९ जानेवारी

झकास! मागे काही नाही आणि घर कसं उठून आलंय. कालची फिल्म हिने मागितली. म्हटलं, घेऊन जा, तुझी.

चौकटीच्या चारही कोपऱ्यांत खुणेच्या फुल्या मारल्या. चार रंगांच्या छपाईत मारायचो तशाच. फुलीवर फुली बसली की रंगावर रंग बसतो. सवयीने हात आपोआप चालला.

१८ जानेवारी

मास्तरांना पत्ता लागला. समोर तिसऱ्या मजल्यावर राहतात, भूगोल शिकवायचे. बायको अंथरुणाला खिळून आहे. पलंग खिडकीशीच, त्यामुळे वहिनी रोज माझ्या चित्रात असतात. त्यांनीच मला पाहिलं आणि मास्तरांना दाखवलं. मास्तर गॅलरीत येऊन ओरडले, "तक्तेवाले, कुणावर नजर ठेवून आहात?"

"तुमच्या धोतर नसलेल्या पायांवर!"

लुंगी सावरत आत पळाले. वहिनी हसताना दिसल्या. हसण्याची रेघ काढली, नीट आली नाही. हसणं फिल्मवर धरत नाही.

संध्याकाळी स्वतःच आले चहाला. आल्या आल्या वटवाघूळ काढलंच. माझ्या 'पक्षी' तक्त्यात मोर, पोपट, घुबड आणि कोपऱ्यात वटवाघूळ होतं. मास्तर म्हणे वर्गात पोरांना सांगायचे, "एवढं एक सोडून बाकी पाठ करा." साऱ्या शाळेला तो तक्ता त्यांच्यामुळे माहीत झाला. इतकी वर्षं झाली, पण भेटले की वटवाघूळ!

२ फेब्रुवारी

आमच्या इमारतीला लागून डाव्या हाताला मोकळा प्लॉट होता, तिथे खणायला घेतलंय. खाली गाड्या ठेवायला दोन मजले जमिनीच्या पोटात बांधणार म्हणतात. खड्ड्यात पाणी लागलंय. पंप लावलाय. तो सकाळी सुरू होतो तो दिवे लागेपर्यंत घरघरतो.

भाचीचं नवं पोस्टर जिन्यात – 'पाहिजे आहे: मुका पंप.'

६ फेब्रुवारी

आज एवढंच – कबुतरं, पडदा बंद. वहिनींना बरं नसावं.

१३ फेब्रुवारी

हिची नव्या शेगडीबद्दल तक्रार. तव्यातलं तेल डावीकडे पळतं, एक बाजू जळते, दुसरी पांढरीफटक. मी पायाखाली पुठ्ठ्याची घडी घालून दिली. म्हणाली, "इतकी वर्षं तक्ते काढलेत, पण घरातली एक वस्तू सरळ ठेवता आली नाही."

दुकानदाराला बोलवायचं आहे.

२० फेब्रुवारी

स्वयंपाकघराच्या दारावरच्या भिंतीला भेग पडलीय, कोपऱ्यातून तिरकी. पंपाची थरथर, दुसरं काय! लांबी भरली, घासली, रंग जुळवला. जुना पांढरा नवा पांढरा होऊ नये म्हणून चिमूटभर पिवळा आणि सुईच्या टोकावर मावेल इतका काळा. हिला म्हटलं, दाखव कुठे होती. तिला सापडेना. हात अजून शाबूत आहे म्हणायचा.

२७ फेब्रुवारी

हात शाबूत नाही.

भाचीच्या मित्रमंडळींनी एक खोली घेतलीय. प्रत्येकाचं स्वतःचं काम तिथे मांडायचं. एकजण बापाच्या हत्यारांची चित्रं काढतो, एकजण पावाच्या तुकड्यांची अक्षरं करते, आणि मी – सगळ्यांत म्हातारा. भाची म्हणाली, "मामा, झाल्या तेवढ्या फिल्मा एकदा लावून बघू."

फुलीवर फुली बसवून जाड काच ठेवली, मागे दिवा लावला.

घर फाटलेलं. छपाईत रजिस्टर, म्हणजे रंगावर रंगाचा मेळ, हललं की जशी दुहेरी कड दिसते, तोंडाबाहेर ओठ जातात, तसं. खाली पायाशी रेघा एकावर एक आहेत आणि वर गच्चीकडे जाताना पिसारा होतो.

भाची म्हणाली, "असंही छान दिसतंय." इतक्या प्रेमाने म्हणाली की जास्तच लागलं.

२८ फेब्रुवारी

दिवसभर फिल्मा चाळत बसलो. फिल्म ताणली असेल? उन्हाने आक्रसली असेल? पट्टी लावून पाहिलं. फुल्या जिथल्या तिथे.

१ मार्च

हात थरथरला तर रेघ दोन्हीकडे जाते. आज डावीकडे, उद्या उजवीकडे. म्हाताऱ्याच्या हाताला दिशा नसते.

ही रेघ एकाच बाजूला जाते आहे. फेब्रुवारी लागल्यापासून आजपर्यंत, रोज जराशी उजवीकडे. एकही दिवस मागे आलेली नाही.

जेवण गेलं नाही.

३ मार्च

भाचीला दाखवलं. तिने फिल्मा एकामागून एक भराभर सरकवल्या. मुलांच्या त्या हलत्या चित्रांच्या पुस्तकासारखं झालं.

घर कलतंय.

पायाशी घट्ट आणि माथ्याशी झुकलेलं. पाठीला कळ लागलेला माणूस एका अंगाला होतो तसं. वहिनींची खिडकी त्याच्याबरोबर झुकते आहे, आणि खिडकीत वहिनी.

भाची म्हणाली, "मामा, पुन्हा दाखवू?" म्हटलं, नको.

४ मार्च

मास्तरांना सांगावं कसं? 'तुमचं घर पडतंय' असं चहाच्या कपाबरोबर सांगतात का? ही म्हणते, आधी खात्री करा. भाची म्हणते, खात्री करता करता उशीर झाला तर? दोघींचं बरोबर आहे. मी मध्ये घड्याळाच्या लंबकासारखा.

ते घर जुनं, विटांचं. त्यांच्या जिन्यात भिंतीला हात लावला की पांढरं निघतं. आमची इमारत परवापरवाची, सिमेंटची. एक मात्र समजत नाही. खड्डा आमच्या बाजूला आहे आणि कलतंय रस्त्यापलीकडचं घर! तेही खड्ड्यापासून लांब, उलट्या दिशेला. पण जमिनीच्या पोटातलं पाणी कुठून कुठे जातं हे कुणाला माहीत? पंप इतकं पाणी उपसतोय, कुठेतरी पोकळी होणारच.

८ मार्च

गेलो. फिल्मांची गुंडाळी काखेत. मास्तरांच्या टेबलावर मांडल्या, भाचीने करून दाखवलं तसं सरकवून दाखवलं.

मास्तर आधी हसले. "तक्तेवाले, एकदा वटवाघळाला पक्ष्यांत बसवलंत. आता माझं घर पाडायला निघालात?"

ते पुन्हा फिल्मा सरकवायला लागले. दुसऱ्यांदा हसले नाहीत.

वहिनी पलंगावरून म्हणाल्या, "अहो, वटवाघूळ चुकीच्या तक्त्यात होतं. पण होतं हुबेहूब. भावजींची रेघ कधी चुकलेली नाही."

पंप इथेही ऐकू येतो.

मास्तर मला जिन्यापर्यंत सोडायला आले. हळू आवाजात म्हणाले, "हिला हलवायचं म्हणजे चार माणसं लागतात. रात्री काही झालं तर मी एकटा काय करणार हो?"

९ मार्च

ही रात्रभर कूस बदलत होती. सकाळी मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, "त्यांना इकडे आणा. भाचीची खोली देऊ, भाची माझ्याजवळ झोपेल."

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण अशा वेळी ही मला नव्याने आवडते. तसं बोललो नाही. बोललो असतो तर म्हणाली असती, आधी शेगडीचं बघा.

१४ मार्च

मास्तर तयार नाहीत. "लोक काय म्हणतील, चित्र बघून घर सोडलं म्हणून?" त्यांनी अर्ज केलाय, इंजिनिअर येऊन बघेल. कधी येईल? "येईल तेव्हा."

रेघ आणखी सरकली.

२२ मार्च

प्रदर्शनाचं काम थांबवलंय. भाचीला वाईट वाटलं असणार, पण दाखवत नाही. मी मात्र रोज सकाळी बसतो. आता चित्र काढत नाही, ताप बघतो. हनुवटी टेकायची, डोळा मिटायचा आणि कालच्या रेघेच्या मानाने कुठे आहे ते बघायचं.

पेन्सिल ठेवली की टेबलावरून घरंगळते ते एक वेगळंच. टेबलाच्या डाव्या कडेला खिळा मारून पट्टी बसवली.

२९ मार्च

आमचं पुढचं दार घासतंय. पावसाळ्यात फुगतं, पण आता कसला पावसाळा? सुताराने रंधा मारून दिला. खालच्या शिंप्याचंही शटर अडकतं म्हणे. म्हणाला, "सगळ्यांचीच दारं रुसलीत या वर्षी."

४ एप्रिल

मास्तर सकाळी न सांगता दारात उभे. चेहरा उतरलेला.

रात्री कुठेतरी मोठ्याने काही पडल्याचा आवाज झाला. त्यांना वाटलं, आपलीच भिंत. काही पडलेलं नव्हतं, पण वहिनी घाबरून रडल्या. "तुमच्या त्या फिल्मा डोळ्यांसमोरून जात नाहीत हो. झोप गेली आमची."

म्हटलं, "चला. आजच."

आवाज आम्हीही ऐकला होता. आमच्याच अंगाला वाटला आम्हाला. खड्ड्यात दगड घसरले असतील.

५ एप्रिल

आणलं! शिंपी, त्याचे दोन कारागीर आणि मास्तर, असं खुर्चीत बसवून. जिन्याच्या वळणावर वहिनी म्हणाल्या, "नवरी म्हणून आले तेव्हासुद्धा कुणी एवढं उचलून घेतलं नव्हतं." मास्तर म्हणाले, "तेव्हा तू स्वतःहून धावत आलीस." कारागीर हसता हसता खुर्ची सोडतात की काय असं झालं.

भाचीची खोली म्हणजे मी काढतो तीच खिडकी, त्याच खोलीत टेबल. पलंग खिडकीशी लावला. वहिनींना त्यांचं घर समोर दिसतं.

आज मार्चपासून पहिल्यांदा पोटभर जेवलो. पाचजण एका छपराखाली, पक्क्या छपराखाली. समोरच्या रिकाम्या खिडकीकडे पाहिलं आणि म्हटलं, पड आता खुशाल.

८ एप्रिल

घर भरल्यासारखं वाटतं. मास्तर भाजी चिरताना हिला देशांच्या राजधान्या विचारतात. हिने एकीचंही बरोबर उत्तर दिलं नाही आणि एकदाही हार मानली नाही. भाचीने दोघांचं पोस्टर केलं – 'वर्ग भरला आहे. विद्यार्थिनी उर्मट आहे.'

वहिनींची उशी सारखी डावीकडे सरकते. मास्तरांनी कडेला लोड लावलाय. म्हणाल्या, "रात्री होडीत झोपल्यासारखं वाटतं." गादी जुनी, दबलेली असेल. उद्या उलटी करू.

९ एप्रिल

गादी उलटी केली. उशी डावीकडेच.

१२ एप्रिल

भेग परत आलीय. त्याच कोपऱ्यातून, पण आता तिथून खिडकीकडे निघालीय. लांबी भरली. रंग जुळला, पण संध्याकाळपर्यंत माझ्याच रंगावर केसासारखी रेघ उठली.

हिला दाखवलं नाही.

१६ एप्रिल

अखेर इंजिनिअर आला. तरुण आहे, शांत. मास्तरांबरोबर समोरच्या गच्चीवर चढून चारही कोपऱ्यांतून ओळंबा सोडला. आम्ही बाकीचे खिडकीत. दोरीच्या टोकाचं ते शिसं भिंतीलगत उतरताना वहिनींनी माझा हात धरला होता.

मग तो आणि मास्तर इकडे आले.

"घर जुनं आहे, डागडुजी हवी," म्हणाला, "पण कललेलं नाही. माथ्यापासून पायापर्यंत ओळंब्यात आहे. इतकं सरळ नवं बांधकामसुद्धा मी पाहिलेलं नाही."

मी फिल्मा पुढे केल्या. त्याने नीट बघितल्या, खोटं नको बोलायला. हनुवटीची घोडी बघितली, तिच्यावर हनुवटी टेकूनही पाहिली. मग माझ्या चष्म्याकडे बघितलं. "आजोबा, डोळे कधी तपासलेत?"

मास्तर खाली बघत होते. ही चहा घेऊन आली तर बशीत सांडलेला. तिचा हात कधी कापत नाही.

निघताना दार ओढून घ्यायला गेला, बसेना. खांदा लावला. "सुतार बोलवा," म्हणाला.

१७ एप्रिल

डोळ्यांच्या डॉक्टरकडे भाची घेऊन गेली. मोतीबिंदू आहे, पण कोवळा. "याने रेघ वाकडी दिसते का?" विचारलं. "पुसट दिसेल. वाकडी नाही."

भाची रिक्षात म्हणाली, "मामा, एखाद्या गोष्टीचं कारण सापडत नाही तेव्हा ती गोष्ट खोटी ठरत नाही." मी तिचा हात थोपटला. पण मनातून मी खचलो. रेघ हीच माझी एक गोष्ट होती. शिक्षण नव्हतं, डिग्री नव्हती, रेघ होती.

१८ एप्रिल

मास्तर किती जपून बोलतात! "आम्हाला तुमच्याकडे दोन दिवस हवापालट झाला." "हिला किती बरं वाटलं." एकदाही वटवाघूळ काढलं नाही. तेच झोंबतं. काढलं असतं तर बरं झालं असतं.

रविवारी परत जातो म्हणाले. शिंप्याची माणसं रविवारी मोकळी असतात.

ही म्हणाली, "रविवारपर्यंत तरी कुठे जाताय? आणि मग एवढी काय घाई? राहा अजून." वहिनी म्हणाल्या, "मलाही इथे करमतं." मास्तर विरघळायला लागलेत. राहतील बहुतेक.

१९ एप्रिल

आज फिल्म लावली नाही. जानेवारीनंतर पहिला नागा.

पंप आता दिवे लागल्यानंतरही चालू असतो.

२० एप्रिल

संध्याकाळी स्वयंपाकघरात खळ्ळकन आवाज. कपाटातल्या काचेच्या बरण्या. आपल्या आपण एका बाजूला सरकत गेल्या होत्या म्हणे, कडेची खाली आली. ही काचा वेचत बोलत होती, "रोज मधोमध लावते, रोज डावीकडे गोळा होतात. कुणी म्हणेल घरात भूत आहे."

फळी रिकामी करताना तिने खालचं अंथरलेलं ओढून काढलं. "हा घ्या तुमचा कागद. निसरडा मेला, याच्यामुळेच घसरतात."

माझी पहिली फिल्म. जानेवारीत बाद केलेली, ती हिने फळीवर घातली होती. घर, टाकी, धुराडं, खांब – सगळी जत्रा. कोपऱ्यात फुल्या नव्हत्या, पण खिडकीची चौकट मी काढली होती. चौकटीवर चौकट बसेल.

बघत राहिलो. एवढ्या फिल्मांपैकी ही एकच, जिच्यात घराच्या मागेही काही आहे. बाकी सगळीकडे मी कोरं ठेवलं. ससा काढला, गवत काढलं नाही. घर कशाच्या मानाने हललं हे बघायला मी काही ठेवलंच नव्हतं.

आता उजेड गेला. धुराडं दिसत नाही. सकाळी लावून बघतो.

भाचीला सांगितलं. तिने उठून दार उघडून पाहिलं आणि उघडंच ठेवलं.

२१ एप्रिल

धुराडंही कललंय. टाकीही, खांबही. समोरच्या घराइतकंच, उजवीकडे. सगळी वस्ती मिळून एका बाजूला झुकत नसते.

कात्रीला दोरा बांधून आमच्या खिडकीच्या चौकटीला टांगली. दोरा वर चौकटीला लागतो आणि खाली येईतो तिला सोडून दूर लटकतो.

रेघ बरोबर होती. तक्ता पुन्हा चुकला.

भाची दारं ठोकत जिना उतरते आहे, तिचा आवाज येतोय. शिंपी माणसं घेऊन वर येतोय. ही आणि मास्तर खुर्चीला चादर बांधताहेत. मला म्हणाले, तुम्ही वहिनींजवळ बसा. हात स्वस्थ राहत नाहीत म्हणून हे लिहितोय.

वहिनींनी आत्ता विचारलं, "भावजी, आमचं घर पडलं का हो?"

म्हटलं, "नाही वहिनी. ते अगदी सरळ उभं आहे."